घोणसगडावर बघण्याचा कार्यक्रम

मुलगी दाखवायचा कार्यक्रम घोणसगडावर करायचा, हे ठरलं तेव्हा कुंडलिकराव गावडे आंघोळ करत होते. डोक्याला साबण होता, तांब्या हातात होता, आणि बाहेर त्यांच्या पत्नी विजयमालाबाई फोनवर म्हणत होत्या, "व्हय व्हय, आमची काय बी हरकत न्हाय."

ज्या गोष्टीला बायकोची हरकत नसते, तिचा भार शेवटी आपल्याच खांद्यावर येतो, हा त्यांचा संसारातला पक्का अनुभव. ते साबणासकट पंचा गुंडाळून बाहेर आले.

"कशाला हरकत न्हाय?"

"निरवांगीच्या पाव्हण्यांचा फोन होता. मुलगा म्हणतोय घरी नको, घोणसगडावर भेटू. येत्या रविवारी."

"मुलगी दाखवायला? गडावर?"

"त्याला दाखवणं-बिखवणं पसंत न्हाय म्हणं. सगळ्यांनी मिळून वर जायाचं, डबा खायाचा, पोरांनी बोलायचं. झालं."

"अगं, पण चहा-पोहे..."

तेवढ्यात आतल्या खोलीतून त्यांची मुलगी निकिता म्हणाली, "पप्पा, मला चालेल."

इथं कुंडलिकरावांचा विरोध संपला. निकिता केळीची रोपं बाटल्यांत वाढवणाऱ्या एका प्रयोगशाळेत कामाला होती, आणि आलेल्या प्रत्येक स्थळाला तिचं उत्तर एकच असायचं, "बघू." या 'बघू'मध्ये 'नाही' इतकं स्वच्छ दिसायचं की पुढं कुणी बघतच नसे. पहिल्यांदाच 'चालेल' आलं होतं. घोणसगड काय, ती हिमालयावर म्हणाली असती तरी कुंडलिकराव साबण धुऊन निघाले असते.

अडचण एवढीच, की उंचीशी त्यांचा संबंध कचेरीतल्या स्टुलापुरता होता. बारामतीच्या एका महाविद्यालयात ते हेडक्लार्क होते. वरच्या फळीवरची फाईल काढायला स्टुलावर चढावं लागे, आणि तेही शिपायानं स्टूल धरलं तरच. बाकी बारामती-इंदापूरचा मुलूख देवानं पोळपाटावर लाटल्यासारखा. ऊस उंच वाढतो तेवढाच डोंगर.

बातमी सोसायटीत पसरायला पोहे भिजायला लागतात तेवढाही वेळ लागला नाही. खालच्या मजल्यावरचे आबासाहेब तडक वर आले. हे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले होते, आणि तेव्हापासून त्यांच्याकडचा सगळा सल्ला कालव्यासारखा उताराकडं वाहत असे. उतारावर नेहमी कुंडलिकराव.

"घोणसगड?" आबासाहेबांनी खुर्ची ओढली. "नाव ऐकलंसा न्हवं? उगं न्हाय पडत असली नावं."

"गडाचा आकार घोणशीसारखा आहे म्हणून नाव पडलंय, काका," निकिता म्हणाली.

"आकार तिच्यासारखा का हाय? कारण तितं ती हाय," आबासाहेब म्हणाले. मग त्यांनी काठी, लिंबू, ग्लुकोज, जाड मोजे आणि पुढच्या माणसापासून दोन हात मागं राहणं, असे उपाय सांगितले. "साप पयल्या माणसाला बघून जागा हुतो आन् दुसऱ्याला चावतो. म्हणून तिसरं चालायचं."

शेजारच्या सिंधुबाईंना सापाची काळजी नव्हती. त्यांना रीतीची काळजी होती. "मुलगी गडावर दाखवली, आता हळद बुरजावर लावा," असं म्हणून त्या गेल्या, आणि पाच मिनिटांनी परत येऊन म्हणाल्या, "पर पोहे तरी न्या बाई. पोह्याबिगार बघणं म्हंजे अक्षतेबिगार लगीन."

हे विजयमालाबाईंना पटलं. पोहे गरम डब्यातून न्यायचे ठरलं, आणि तो डबा मुलीच्या बापानं स्वतः वाहायचा, हेही ठरलं. हा दुसरा निर्णय झाला तेव्हा कुंडलिकराव आंघोळीत नव्हते, समोर बसलेले होते. तरी त्यांना कुणी विचारलं नाही.

मग आबासाहेबांनी विचारलं, "आन् परवानगी?"

"कसली परवानगी?"

"पुरातन वास्तूत खाद्यपदार्थ न्यायाची. उद्या मुलाकडच्यांसमोर पोहे जप्त झाले तर तोंड कुठं लपवशीला?"

जन्मभर दुसऱ्यांचे अर्ज त्रुटी काढून परत पाठवणाऱ्या कुंडलिकरावांना हा मुद्दा काळजात लागला. त्यांनी रजा टाकली आणि एका कचेरीत गेले. तिथल्या साहेबांनी अर्ज वाचला, पुन्हा वाचला आणि म्हणाले, गड आमच्याकडं, पण डोंगर आमच्याकडं नाही. डोंगरवाल्या कचेरीत म्हणाले, झाडं आमची. पोहे झाडाखाली खाणार की भिंतीआड? भिंतीआड असेल तर आमचा संबंध नाही. तिसऱ्या ठिकाणी एका बाईंनी "विषय : पोहे" एवढं वाचून मान वर केली आणि प्रेमानं विचारलं, "काका, जेवलात का?" कुंडलिकरावांना इतका अपमान कधी वाटला नव्हता. शेवटी गडाखालच्या गावच्या सरपंचांना फोन लावला. ते म्हणाले, "या की. पोहे जास्तीचे आणा."

सरावासाठी ते रोज संध्याकाळी सोसायटीचा जिना चढू-उतरू लागले. तिसऱ्या मजल्यावरच्या भाडेकरूंना वाटलं, देखभालीचे पैसे मागायला येतायत. त्यांनी दार उघडणंच सोडलं. बूट घ्यायला निकिताच घेऊन गेली. त्यांच्या मापात दुकानात एकच जोडी शिल्लक होती. पोपटी. नुसती पोपटी नव्हे, अंधारात वाट दिसावी अशी पोपटी.

"लांबून सापडाल तरी," निकिता म्हणाली.

रविवारी सकाळी निघाले तेव्हा आबासाहेब गेटापर्यंत आले होते. गाळपाचे दिवस. नीरा नदी ओलांडेपर्यंत उसानं भरलेल्या ट्रॅक्टरमागं गाडी थांबून थांबून कुंडलिकरावांना ट्रॅक्टरवर वाजणारी अख्खी लावणी पाठ झाली. फलटणच्या पुढं माळरान लागलं, आणि मग माळावर कुणी तरी विसरून गेल्यासारखा तो गड दिसला. काळा कडा, वर दातासारखे बुरूज. कुंडलिकरावांनी मान वर केली आणि त्यांच्या टोपीनं खाली उडी मारली. टोपीला पुढचं आधीच कळलं होतं.

पायथ्याच्या गावात पाव्हणे येऊन थांबले होते. सर्जेराव पोळ, निरवांगीचे डाळिंबवाले, म्हणजे दरवाज्यातून आडवेच यावेत असे गृहस्थ. पांढरा शुभ्र कडक इस्त्रीचा पोशाख, खांद्यावर किनारीचं उपरणं, पायात करकरीत वहाणा. लग्नाला निघाल्यासारखे गडाला निघाले होते. त्यांच्या पत्नी रतनबाई, हसऱ्या आणि काटक. आणि मुलगा अविराज. त्याच्या पाठीवर एवढी मोठी पिशवी होती, की ती बघून विजयमालाबाई हळूच म्हणाल्या, "घर सोडून आलंय का काय?"

नमस्कार झाले. सर्जेरावांची नजर पोपटी बुटांवर पडली, थबकली आणि सभ्यपणे दुसरीकडं गेली. कुंडलिकरावांनी पोह्यांचा डबा या हातातून त्या हातात घेतला.

"द्या की मी घेतो, काका," अविराज म्हणाला.

"छे छे. सवय हाय," कुंडलिकराव म्हणाले. कशाची सवय, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

चढ सुरू झाला. पोरं पुढं गेली. अविराज हातवारे करून दरवाजे, देवड्या, तटबंदी असं काही सांगत होता आणि निकिता ऐकत होती. बायका त्यांच्या मागं, आणि चपळाईनं. रतनबाईंना वाटेत बोरीचं झाड दिसलं, विजयमालाबाईंनी ओटी केली, आणि दोघी अशा बोलू लागल्या की एका शाळेत शिकल्या असाव्यात. राहता राहिले दोन बाप.

मुलीच्या बापानं मुलाच्या बापाच्या मागं पडायचं नसतं, म्हणजे पाहुणचारात. आणि मुलाच्या बापानं मुलीच्या बापापुढं दमायचं नसतं, कारण तसं दिसत नाही. त्यामुळं दोघंही दमले आणि दोघंही बोलले नाहीत. थोडं चढलं की कुंडलिकराव थांबायचे, कमरेवर हात ठेवायचे आणि म्हणायचे, "काय निसर्ग हाय!" सर्जेराव लगेच थांबायचे. "लय भारी," असं म्हणायला त्यांना बराच वेळ लागायचा, कारण 'लय' आणि 'भारी' यांच्यामध्ये दोन श्वास बसायचे. पुढच्या वळणावर सर्जेरावांना निसर्ग दिसायचा. असा निसर्ग बघत बघत ते निम्म्या डोंगरावर आले, तेव्हा बायका वाटेवरच्या देवळात टेकून पुन्हा उठलेल्याही होत्या.

तेवढ्यात वरून, सगळ्या डोंगराला ऐकू जाईल अशी निकिताची हाक आली, "पप्पा! जमतंय का? नाहीतर बसा तिथंच!"

बसा तिथंच! आणि तेही मुलाच्या बापासमोर! कुंडलिकरावांचं रक्त होतं नव्हतं तेवढं तोंडावर आलं. डाव्या हाताला गवतातून एक पायवाट सरळ वर गेलेली दिसत होती.

"ही जवळची वाट दिसतीया," ते सर्जेरावांना म्हणाले. "पोरांच्या आधी पोचू."

सर्जेरावांनी त्या वाटेकडं पाहिलं. ती वाट शेळ्यांची होती, हे शेतकऱ्याला कळायला काय वेळ लागतो? पण मुलीचा बाप निघाला म्हटल्यावर मुलाच्या बापानं 'नको' कसं म्हणायचं? "चला की," ते म्हणाले.

वाट एका कातळापाशी आली आणि शेळ्यांनीच सोडून दिल्यासारखी संपली. तिथं जुन्या काळी खडक कोरून केलेलं पाण्याचं टाकं होतं. टाक्याच्या काठावर गवत वाढलेलं. कुंडलिकरावांनी डबा एका दगडावर ठेवला, कमरेवर हात ठेवले आणि "काय निसर्ग..." एवढं म्हणून ते दिसेनासे झाले.

टाकं कोरडं होतं. तळाशी पालापाचोळा आणि मऊ गाळ साचलेला, म्हणून हाडं शाबूत राहिली. वर आभाळाचा चौकोन, आणि त्या चौकोनात सर्जेरावांचं तोंड.

"लागलं का?"

"न्हाय. जरा... बघत हुतो आतनं."

"हे धरा," सर्जेरावांनी उपरण्याचं टोक खाली सोडलं. कुंडलिकरावांनी ते धरलं आणि ओढलं. ओढलं म्हणजे जरा जास्तच ओढलं. आभाळाचा चौकोन एकदम भरून गेला, आणि मग निरवांगीचे डाळिंबवाले कडक इस्त्रीसकट बारामतीच्या हेडक्लार्कशेजारी येऊन बसले.

सोयरीक जुळण्याआधीच आपण व्याह्याला खड्ड्यात घातलं, या विचारानं कुंडलिकराव त्यांच्या अंगावरचा पाचोळा झटकू लागले. हात उंच करूनही काठ लागत नव्हता. त्यांचा फोन फोटो काढायला म्हणून निकिताकडं. सर्जेरावांचा गाडीत, चार्जिंगला.

"वरडू या," सर्जेराव म्हणाले. दोघं ओरडले. आवाज टाक्यातच फिरला आणि परत त्यांच्याच कानात आला.

मग वरून कुणी तरी आलं. डब्याचं झाकण वाजलं. "निकिता!" कुंडलिकरावांनी हर्षानं हाक मारली. काठावरून एका वानरानं खाली डोकावलं. त्याच्या गालात पोहे होते. शेंगदाणा तेवढा काढून त्यानं खाली टाकला आणि, बघायला आलेला पाहुणा मुलीच्या बापाकडं बघतो तसं, वरपासून खालपर्यंत कुंडलिकरावांकडं पाहिलं. बुटांवर त्याचीही नजर थबकली. मग अख्खं कुटुंब जेवायला आलं असावं, कारण डबा गडगडल्याचा आवाज बराच वेळ येत राहिला.

"पोहे चांगले झालेले दिसतायत," सर्जेराव गंभीरपणे म्हणाले.

कुंडलिकराव काही तरी उत्तर देणार, एवढ्यात त्यांची नजर कोपऱ्यात गेली आणि वाचा बसली. पाचोळ्यात वेटोळं. जाड, मातकट, अंगावर किनार. "घो..." एवढंच ते बोलू शकले. सर्जेरावांनी पाहिलं. पुढच्या क्षणी काय झालं ते दोघांनाही नीट सांगता येत नाही, पण सर्जेराव कुंडलिकरावांच्या पाठीवर होते आणि कुंडलिकराव भिंतीवर चढायचा प्रयत्न करत होते. मुलाचा बाप आणि मुलीचा बाप देवाचं नाव घेत एकमेकांना असे बिलगले, की तसं मांडवात व्याहीभेटीलासुद्धा कुणी बिलगत नाही.

वेटोळं हललं नाही. बराच वेळ हललं नाही. शेवटी कुंडलिकरावांनी डोळे बारीक केले.

"सर्जेराव, तुमचं उपरणं कुठं हाय?"

सर्जेरावांनी स्वतःचा खांदा चाचपला. कोपऱ्याकडं पाहिलं. पुन्हा खांदा चाचपला.

आणि मग ते हसायला लागले. आधी पोट हललं, मग खांदे, मग अख्खं टाकं घुमायला लागलं. कुंडलिकरावांनी व्याह्यासमोर हसू नये म्हणून ओठ दाबून पाहिले, पण ते कसले थांबतात! डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, कळ लागेपर्यंत दोघं हसले. जरा थांबले की एक जण "घो..." म्हणायचा आणि दुसरा पुन्हा आडवा.

हसण्यानं आतली कडक इस्त्रीसुद्धा मोडली असावी. सर्जेरावांनी खिशातून एक डाळिंब काढलं, दगडावर आपटून फोडलं आणि अर्धं पुढं केलं.

"एक विचारू का, कुंडलिकराव? तुमाला खरंच निसर्ग दिसत हुता?"

"मला काजवे दिसत हुते."

"मग दमलो म्हणून बसत का न्हवता?"

"तुमी बसत न्हवता म्हणून."

"आवं, मी तुमच्यामुळं चालत हुतो!" सर्जेराव दाणे सोलत राहिले. मग आवाज उतरवून म्हणाले, "मी या गडाच्या नावानंबी कधी वाटंला लागलो नसतो. पर आमचं पोरगं दर सुट्टीला कुठल्या तरी गडावर जातंय. घरी येत न्हाय. आलं तर दोन वाक्यं बोलतंय, तिसरं बोलत न्हाय. म्हणलं, एकदा बघू तरी, त्या दगडांत असं काय हाय जे आमच्यात न्हाय."

कुंडलिकरावांच्या हातातले दाणे तसेच राहिले. हा माणूस इस्त्री करून, करकरीत वहाणा घालून इथं सोयरीक करायला आला नव्हता. मुलाला भेटायला आला होता.

"मी तर ती 'चालेल' म्हणाली म्हणून आलो," ते म्हणाले. "आजकाल ती काय म्हणती ते तिच्या आईकडनं कळतंय. मधी भिंत न्हाय, भांडण न्हाय. पर बोलायचं काय, तेच सुचत न्हाय. जेवली का, एवढं विचारतो. ती व्हय म्हणती. झालं."

"आमचं बी तेच," सर्जेराव म्हणाले. "जेवलास का?"

दोघं डाळिंब खात बसले. ऊन टाक्याच्या एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर सरकलं. कुंडलिकरावांना नवल वाटत होतं, की एवढ्या वर्षांत एवढं निवांत ते कुणाशी बोललेच नव्हते. कचेरीत काम होतं, घरी टीव्ही होता, सोसायटीत आबासाहेब होते.

मग वरून हाक आली. "पप्पा!"

ही सकाळची हाक नव्हती. निकिताला वाटेवर उलटा पडलेला रिकामा डबा दिसला होता आणि बाप दिसला नव्हता. त्या आवाजात इतकी भीती होती, की कुंडलिकरावांना आधी आनंद झाला, मग आनंद झाल्याची लाज वाटली, आणि मग ते जीव खाऊन ओरडले, "हितं! हितं हाय मी! काय झालं न्हाय मला!"

काठावर निकिताचं तोंड आलं. रडवेलं. तिनं खाली पाहिलं. तिचा बाप, शेजारी मुलाचा बाप, दोघांच्या तोंडाला डाळिंब. ती रडता रडता हसली.

अविराजच्या त्या मोठ्या पिशवीतून दोर निघाला. त्यानं तो झाडाला बांधून खाली सोडला. पण दोर धरून चढायला खांद्यात बळ लागतं, आणि कुंडलिकरावांचं सगळं बळ हसण्यात गेलं होतं. दोनदा लोंबकळून ते दोनदा पाचोळ्यात बसले. तेव्हा निकिताच दोराला धरून सरसर खाली उतरली आणि भिंतीला टेकून उभी राहिली.

"पप्पा, माझ्या खांद्यावर पाय द्या. वरून अविराज ओढेल."

"येडी का काय? पोरीला पाय लावायचा?"

"द्या हो."

"न्हाय. मी हितंच ऱ्हातो. भाकरी टाकत जा वरनं."

"पप्पा," निकिता हळूच म्हणाली, "नरसिंहपूरच्या जत्रेत मला गर्दीत पालखी दिसत नव्हती. तेव्हा तुम्ही मला खांद्यावर घेतलं होतंत. माझ्या चपलांचा चिखल तुमच्या नव्या शर्टाला लागला, आणि आई घरी येईपर्यंत ओरडत होती. तुम्ही काही बोलला होतात का?"

कुंडलिकराव विसरले होते. तिला आठवत होतं. त्यांनी खाली बसून ते पोपटी बूट काढले, मोजे काढले, तळपायाची माती धोतराला पुसावी तशी पँटीला पुसली, तिच्या डोक्यावर एकदा हात ठेवला, आणि मग तिच्या खांद्यावर पाय दिला. ती डगमगली नाही. वर येईपर्यंत त्यांना पुढचं काही दिसत नव्हतं, आणि या वेळी ते काजवे नव्हते.

एव्हाना बायकाही खाली आल्या होत्या. दोघी बालेकिल्ला बघून, देवीला ओटीतली बोरं वाहून आल्या होत्या. रतनबाईंनी टाक्यात वाकून नवऱ्याला पाहिलं आणि म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या जरा तसंच. घरात असं एका जागी घावत न्हाईत."

निकिता वर आली आणि अविराज खाली उतरला. बापलेक समोरासमोर उभे राहिले. वर सगळे दोर धरून तयार होते, पण खालून काहीच हालचाल होईना. कुंडलिकरावांनी वाकून पाहिलं. अविराज बापाच्या गालावरचा गाळ स्वतःच्या बाहीनं पुसत होता.

"आबा, तुम्हाला चढ झेपत नाही तर आलात कशाला?"

सर्जेराव म्हणाले, "तू कुठं असतोस ते बघावं म्हणलं."

त्यानं बापाला मिठी मारली. सर्जेरावांचे हात आधी तसेच लोंबकळत राहिले, त्यांना सवय नव्हती, आणि मग सावकाश लेकाच्या पाठीवर आले. कुंडलिकरावांनी तोंड फिरवलं आणि उगीचच सगळ्यांना ओरडले, "दोर नीट धरा रे!"

सर्जेरावांना वर काढायला सगळ्यांचं बळ लागलं. आणि एवढं झाल्यावर खाली कसलं जायचं? सगळे मिळून वर गेले. आता कुणालाच निसर्गाचं सोंग करायची गरज नव्हती. दम लागला की सर्जेराव सरळ "मेलो" म्हणून बसायचे आणि अविराज पाणी द्यायचा. बालेकिल्ल्याच्या बुरुजावर रतनबाईंनी शिदोरी सोडली. भाकरी, ठेचा, दाण्याची चटणी. अविराज सांगत होता की हा तट कुणी बांधला ते नक्की माहीत नाही, पण एवढा दगड वर चढवणाऱ्या माणसांची नावं कुठंच नाहीत. सर्जेराव त्याला प्रश्नावर प्रश्न विचारत होते, आणि तो तिसरं, चौथं, दहावं वाक्य बोलत होता. दूरवर नदी चमकत होती, तिच्या पलीकडं उसाची हिरवी चादर. आपण त्या हिरव्यात कुठं तरी राहतो, याचं कुंडलिकरावांना कौतुक वाटलं. तळपायाला फोड आले होते, कोपर सोललं होतं, पोहे वानरांनी खाल्ले होते, आणि मनातल्या मनात ते कुणाकुणाचे आभार मानत होते ते त्यांचं त्यांनाच कळेना. पाचोळ्याचे सुद्धा मानले.

घरी परतल्यावर निकिता त्यांच्या कोपराला हळद लावायला बसली. विजयमालाबाई आत होत्या.

"पप्पा, एक सांगू? आईला अजून सांगितलं नाही."

"सांग."

"आमचं नाही जमणार. पहिल्याच दरवाज्यात आमचं दोघांचं ठरलं."

कुंडलिकरावांनी कोपर मागं घेतलं. "मग उरलेला गड कशाला बघितला?"

"गड चांगला होता की!" मग ती म्हणाली, "तो फार चांगला आहे पप्पा. पण त्याला दिवसभर ऐकणारं माणूस पाहिजे, आणि मला मधेमधे गप्प बसणारं. तो पण हेच म्हणाला. तुम्ही दोघं त्या टाक्यातून असे भावाभावासारखे बाहेर आलात, की सांगायचा धीरच होईना."

वाईट वाटलं, नाही असं नाही. पण एक गोष्ट त्यांच्या लक्षात आली. ही बातमी आईकडून आली नव्हती. तिनं समोर बसून, डोळ्यांत बघून सांगितली होती, आणि कारणासकट.

"बरं," ते म्हणाले. आणि नेहमीसारखं 'जेवलीस का' न विचारता त्यांनी विचारलं, "मला सांग, ती बाटलीतली केळी मातीत लावल्यावर घाबरत न्हाईत का गं?" निकिता आधी बघतच राहिली. मग सांगायला लागली. हळद वाळून गेली तरी सांगत होती.

खरं संकट पुढं होतं. सर्जेरावांना हे सांगायचं कसं? दोन दिवस कुंडलिकराव फोन हातात घेत आणि ठेवत. शेवटी धीर करून लावला, तर लाईन व्यस्त. पुन्हा लावला, पुन्हा व्यस्त. आबासाहेबांनी अर्थ काढला की पाव्हण्यांनी नंबर बंद केला, मुलाकडचे असेच असतात. वस्तुस्थिती अशी होती, की निरवांगीहून सर्जेरावही त्याच वेळी हाच नंबर लावत होते.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी खाली बोलेरो थांबली आणि सर्जेराव डाळिंबाचं खोकं घेऊन जिना चढून आले. दारात उभे राहून त्यांनी भरपूर श्वास घेतला.

"पोरांचं कळलं?" त्यांनी विचारलं.

"कळलं," कुंडलिकराव म्हणाले. "तुमास्नी?"

"कळलं. गाडीतच सांगितलं. निरवांगी येईपर्यंत बोलत हुतं." सर्जेरावांनी खोकं खाली ठेवलं आणि अवघडल्यासारखे तिथंच उभे राहिले. "सोयरीक तर न्हाय झाली. पर मला एक सांगा, आता मी तुमाला म्हणायचं काय? व्याही म्हणता येत न्हाय. पाव्हणं म्हणवत न्हाय."

कुंडलिकरावांनी विचार केला. कचेरीत ते 'गावडे साहेब' होते, सोसायटीत 'गावडे काका', घरी 'अहो'. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती.

"नावानं म्हणा की," ते म्हणाले. "कुंडलिक म्हणा."

सर्जेरावांनी ते नाव एकदा तोंडात घोळवून पाहिलं. मग वहाणा काढल्या, आत आले, सोफ्यावर ऐसपैस बसले आणि स्वयंपाकघरापर्यंत जाईल अशा आवाजात म्हणाले, "मग कुंडल्या, चहा टाक की लेका!"

विजयमालाबाई दचकून बाहेर आल्या. बघतात तर त्यांचा नवरा जागेवर नव्हता. तो हसत हसत चहा टाकायला निघाला होता.